बारा वर्षांचा मुलगा, धुळीची ॲलर्जी आणि जिभेखालची गोळी: एक प्रकरण अभ्यास

मुलांच्या ॲलर्जीवर उपचार करताना हाताळलेलं हे एक प्रकरण. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. यात माझी एक चूक आहे आणि ती लपवून हे प्रकरण सांगता येणार नाही, म्हणून ती जशी घडली तशी मांडली आहे.

पार्श्वभूमी

मुलगा बारा वर्षांचा. पहिल्यांदा समोर बसला तेव्हा तोंड उघडं, डोळ्यांखाली काळसर वर्तुळं आणि नाकाच्या शेंड्याच्या जरा वर एक आडवी रेघ. वर्षानुवर्षं तळहाताने नाक खालून वर घासणाऱ्या मुलांच्या नाकावर ही रेघ उमटते. त्याला काही विचारण्याआधीच त्या रेघेने निम्मी कथा सांगून टाकली होती.

उरलेली आईने सांगितली. चौथ्या-पाचव्या वर्षापासून नाक चोंदलेलं. सकाळी उठल्याबरोबर दहा-बारा शिंका. रात्री तोंडाने श्वास, घोरणं. सातव्या वर्षी पहिल्यांदा धाप लागली, तेव्हापासून दम्याचा पंप मागे लागला. शिंका आल्या की ॲलर्जीची गोळी, नाक बंद झालं की स्प्रे, छातीत घरघर सुरू झाली की पंप. बरं वाटलं की सगळं बंद. वर्षातून तीन-चार वेळा हे चक्र फिरायचं, आणि मधल्या काळात मुलगा बरा आहे असं घरातले सगळे समजून चालायचे.

तो बरा नव्हता. शाळेत दुपारनंतर डोळे मिटायचे. शिक्षकांनी ‘लक्ष नसतं’ असं दोनदा कळवलं होतं. आई-वडिलांना ते अभ्यासाचं प्रकरण वाटलं. ज्या मुलाचं नाक रात्रभर बंद असतं त्याची झोप तुटक होते, आणि तुटक झोपेची किंमत दुसऱ्या दिवशी वर्गात मोजावी लागते, हा संबंध त्यांना कोणी जोडूनच दाखवला नव्हता.

नेमका प्रश्न काय होता

आई-वडील एकच प्रश्न घेऊन आले होते: ‘जिभेखाली ठेवायची गोळी निघाली आहे म्हणतात, ती याला देता येईल का?’ माझ्यासमोर मात्र त्याआधीचे दोन प्रश्न होते. याला नक्की कशाची ॲलर्जी आहे? आणि दमा आटोक्यात आहे का?

पहिल्या प्रश्नासाठी स्किन प्रिक टेस्ट केली, म्हणजे संशयित पदार्थांचे थेंब त्वचेवर ठेवून तिथे हलकंसं टोचायचं आणि गांध उठते का ते पाहायचं. त्याआधी आठवडाभर अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीची गोळी, बंद ठेवावं लागतं, नाहीतर त्वचेवर गांध उठतच नाही आणि तपासणी फसवते. धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्यांच्या दोन्ही प्रमुख जातींना ८ आणि ७ मिलिमीटरची गांध आली. मांजराला ४, गवताच्या परागकणांना ३. नुसत्या पाण्यासारख्या नियंत्रण थेंबाला काहीच नाही.

कागदावर ही चार वस्तूंची ॲलर्जी दिसते. पण त्वचेने दिलेली प्रतिक्रिया म्हणजे आजार नव्हे. ३ मिलिमीटर ही ‘पॉझिटिव्ह’ म्हणण्याची खालची रेषा, आणि गवताच्या हंगामात याला काही वेगळं होत असल्याची नोंद नव्हती. मांजर घरात नव्हतं. एका मित्राकडे होतं, तिथून आलं की डोळे खाजायचे, एवढंच. याचा त्रास बारमाही होता, गादीत झोपल्यावर आणि सकाळी उठल्यावर सर्वांत जास्त, दमट महिन्यांत आणखी वाढणारा. हा माइटचाच नकाशा आहे. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या त्वचेच्या गळून पडणाऱ्या कणांवर जगतात आणि पाणी न पिता हवेतली आर्द्रता शोषून घेतात. त्यामुळे गादी, उशी, पांघरूण ही त्यांची घरं. ॲलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांची असते. तेव्हा उपचार करायचा तो माइटसाठी आणि फक्त माइटसाठी, हे पहिल्याच भेटीत नक्की झालं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तितकं सोयीचं नव्हतं. स्पायरोमेट्रीत, म्हणजे जोरात फुंकर मारून करायच्या श्वासाच्या तपासणीत, पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा अपेक्षेच्या ८४ टक्के निघाली, आणि पंपाचे पफ दिल्यावर ती १३ टक्क्यांनी वाढली. आठवड्यातून दोन रात्री खोकल्याने जाग. पंप कसा घेतोस ते दाखव म्हटलं, तर त्याने स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) न लावता, श्वास सोडत असतानाच बटण दाबलं. औषध घशात आणि जिभेवर. पाच वर्षं हे असंच चाललं असणार.

समोर असलेले पर्याय

नुसत्या औषधांवर राहणं हा पहिला पर्याय, आणि तो कमी लेखण्याजोगा नाही. नाकातला स्टिरॉइड स्प्रे रोज आणि योग्य पद्धतीने घेतला तर पुष्कळ मुलांना त्याहून जास्त काही लागत नाही. याने तो कधीच सलग महिनाभर घेतलेला नव्हता. त्यामुळे ‘औषधांनी गुण येत नाही’ हे घरच्यांचं म्हणणं मला मान्य करता येत नव्हतं. औषधं फसली की त्यांना संधीच मिळाली नाही, हे अजून ठरायचं होतं.

गादी-उशीला माइट आत-बाहेर करू शकणार नाहीत अशी घट्ट विणीची खोळ, चादरी ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुणं, खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवणं हे सगळं करायचंच होतं. पण एकट्या या उपायांनी त्रास हटतो असा अनुभव नाही. जोडीला ठीक.

मग इम्युनोथेरपी. ज्याची ॲलर्जी आहे तेच ठरावीक मात्रेत नियमितपणे देत राहायचं, म्हणजे शरीर त्याला शत्रू मानणं सोडतं. ही कल्पना १९११ इतकी जुनी आहे. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क टोचून तिची सुरुवात केली. इंजेक्शनांचा मार्ग आजही उत्तम आहे, पण त्यात सुरुवातीला दर आठवड्याला आणि नंतर दर महिन्याला दवाखान्यात यावं लागतं, दर वेळी अर्धा तास थांबावं लागतं, आणि हे निदान तीन वर्षं. हा मुलगा सुई दिसली की पांढरा पडायचा. प्रिक टेस्टच्या वेळीही त्याने आईचा हात सोडला नव्हता.

गोळीत तेच माइटचं प्रथिन असतं, फक्त ते तोंडाच्या आतल्या अस्तरातून आत जातं. तिथल्या पेशी शरीराच्या संरक्षण यंत्रणेला ते अशा रीतीने दाखवतात की हळूहळू सहन करायला शिकवणाऱ्या पेशी तयार होतात. पुढे आयजीजी-४ नावाची प्रतिपिंडं वाढतात आणि ॲलर्जी घडवणाऱ्या आयजीई प्रतिपिंडांच्या वाटेत उभी राहतात. १२ एसक्यू (हे तिच्या मात्रेचं एकक) मात्रेची माइटची गोळी, जी ओडॅक्ट्रा आणि अकॅरिझॅक्स या नावांनी ओळखली जाते, तिला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये प्रौढांसाठी आणि २०२३ मध्ये १२ ते १७ वयोगटासाठी मान्यता दिली. आमचा मुलगा नुकताच त्या रेषेच्या अलीकडे आला होता.

मी आई-वडिलांना आकडा सांगितला. बारा वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या १,४८२ जणांवर झालेल्या चाचणीत नाकाचा त्रास आणि औषधांचा वापर मिळून काढलेला गुण प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या, तुलनेत सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाला होता. वडिलांचा चेहरा पडला. ‘एवढंच?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊ नये. त्या चाचणीत दोन्ही गटांना त्रास झाला की नेहमीची औषधं घ्यायची मुभा होती, म्हणजे हा फरक औषधांच्या वर मिळालेला आहे. शिवाय तो सरासरीचा आकडा आहे. काही मुलांना पुष्कळ फरक पडतो, काहींना अजिबात नाही, आणि कोणाला पडेल हे आधी सांगायची खात्रीची युक्ती माझ्याकडे नाही. तीन वर्षं पूर्ण केली तर गोळी बंद केल्यावरही गुण टिकण्याची शक्यता असते. औषधांच्या बाबतीत ते होत नाही. माझ्या मते तराजू तिथे झुकतो.

एका समजुतीला मात्र मी दुजोरा दिला नाही. उलट ती खोडून काढली. वडिलांनी कुठेतरी वाचलं होतं की ही गोळी दमा होऊच देत नाही. त्यांच्या मुलाला दमा आधीच होता, आणि ज्यांना नव्हता त्यांच्या बाबतीतही चित्र इतकं साफ नाही. गवताच्या गोळीवर ८१२ मुलांचा पाच वर्षांचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दम्याची लक्षणं आणि दम्याच्या औषधांचा वापर कमी झाला, पण काटेकोर निकषांवर दम्याचं निदान पुढे ढकललं गेलं असं त्यात सिद्ध झालं नाही.

पहिला निर्णय: थांबणं

घरच्यांना गोळी त्याच दिवशी हवी होती. मी दहा आठवडे थांबवलं. आटोक्यात नसलेला दमा हा या गोळीसाठी सर्वांत महत्त्वाचा अडसर आहे. छाती आधीच आवळलेली असताना ॲलर्जीचा पदार्थ शरीरात घालणं म्हणजे जोखीम वाढवणं. स्पेसर दिला, पंप घ्यायला शिकवला, रोजचं स्टिरॉइड इनहेलर सुरू केलं, नाकाचा स्प्रे रोज.

दहा आठवड्यांनी रात्रीचा खोकला बंद, फुंकर ९१ टक्के. नाकही थोडं मोकळं झालं होतं, पण सकाळच्या शिंका आणि चोंदणं रोजचंच. म्हणजे औषधांना संधी मिळाली, त्यांनी आपलं काम केलं, आणि तरी त्रास उरला. आता गोळीचा विचार पक्क्या पायावर करता येत होता. हा निर्णय मी आजही तसाच घेईन.

पहिली गोळी

पहिली गोळी दवाखान्यात, नजरेसमोर, अर्धा तास थांबून. दहाव्या मिनिटाला ओठ खाजले, विसाव्या मिनिटाला घशात किंचित खवखव, तिसाव्या मिनिटाला काही नाही. यात काळजीचं काही नव्हतं. तोंडाला, घशाला, कानाच्या आत खाज येणं, ओठ किंचित सुजणं हे पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना होतं आणि आपोआप कमी होत जातं.

मग मी आई-वडिलांना समोर बसवलं आणि आणीबाणीची सगळी माहिती दिली. श्वास लागला, आवाज बसला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली, वारंवार उलट्या झाल्या तर काय करायचं. ॲड्रेनॅलिनचं पेन मांडीत कसं टोचायचं, ते टोचून लगेच रुग्णालय कसं गाठायचं. गिळताना सतत दुखत राहिलं किंवा घास अडकू लागला तर गोळी थांबवून मला कळवायचं. तोंडात जखम असेल, दात काढला असेल तर गोळी घ्यायची नाही. सगळं बरोबर सांगितलं.

मुलगा त्याच खोलीत होता. बाजूच्या खुर्चीत, पाय हलवत. मी बोलत होते त्याच्या आई-वडिलांशी.

घरी ठरलं की मुलगा आता मोठा झाला आहे, गोळी तोच घेईल. सकाळी शाळेत जाण्याआधी.

चौथा महिना

चार महिन्यांनी, म्हणजे ११२ दिवसांनी, तिघं आले. आईचा सूर थकलेला. ‘काहीच फरक नाही, डॉक्टर.’ नियंत्रित प्रयोगकक्षातल्या अभ्यासात या मात्रेचा परिणाम आठव्या आठवड्यापासून दिसला होता, प्रत्यक्षात आठ ते चौदा आठवडे धरून चालावं. सोळा झाले होते. मी फाईल उघडून दोन वाटा मनात मांडत होते: वर्ष पूर्ण होईपर्यंत रेटायचं, की गुण येणार नाही असं मानून थांबायचं. गोळी रोज घेतोस ना, असं विचारून झालं होतं. त्याने मान डोलावली होती. आईनेही.

कशामुळे सुचलं ते सांगता येत नाही, पण मी म्हणाले, ‘आजची घेतलीस का?’ नाही, गडबड होती, बरोबर आणली आहे. ‘मग आत्ता घे, माझ्यासमोर.’

तो उठून बेसिनपाशी गेला, हात धुतले, ओल्या हातांनीच परत आला. गोळ्यांची पट्टी घेतली आणि अंगठ्याने खालून दाबली, तापाची गोळी काढतात तशी. ही गोळी गोठवून सुकवलेली असते, फुलासारखी हलकी आणि ठिसूळ. फॉइलमधून ढकलली की तिचा भुगा होतो. ती काढायची म्हणजे घडी घालून एक चौकोन फाडायचा, वरचा पापुद्रा सोलायचा आणि कोरड्या बोटाने अलगद उचलायची. त्याच्या हातात अर्धी गोळी आली. ती ओल्या बोटाला चिकटून विरघळू लागली. त्याने बोट चाटलं, लगेच घोट गिळला आणि सवयीने दप्तरातल्या पाण्याच्या बाटलीकडे हात नेला.

गोळी जिभेखाली ठेवून एक मिनिट गिळायचं नसतं, आणि पाच मिनिटं काही खायचं-प्यायचं नसतं. पोटात गेलेल्या प्रथिनाचा उपयोग नाही. जे काम व्हायचं ते त्या एका मिनिटात तोंडाच्या अस्तरातून व्हायचं.

आई-वडिलांना मी पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. मुलाला विचारलं, ‘पाणी का पितोस लगेच?’

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, ‘जिभेखाली मुंग्या येतात. कानात आत खाजतं. तुम्ही आईला सांगत होता ना, श्वास बंद होतो, मग सुई टोचायची. मला वाटलं, तेच सुरू झालं.’

तीन दिवस त्याने हे सहन केलं होतं. चौथ्या दिवशी गोळी ठेवल्या ठेवल्या चूळ भरून टाकली. नंतर गिळायला लागला, पाण्याबरोबर. तसं केलं की खाज येत नसे. काही दिवस घेतलीच नाही. आईला सांगितलं असतं तर पेन टोचलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

बारा वर्षांचं मूल चार महिने रोज सकाळी त्या पट्टीसमोर एकटं उभं राहत होतं, आज आपला श्वास बंद पडेल अशा भीतीत. ती भीती माझ्या बोलण्यातून त्याच्यापर्यंत पोचली होती. खाज अपेक्षित आहे, ती काही मिनिटांत जाते, आणि ती येणं म्हणजे श्वास बंद पडणं नव्हे, ही एवढी तीन वाक्यं मी त्याच्याशी बोलायला हवी होती. मी ती त्याच्या डोक्यावरून त्याच्या आई-वडिलांशी बोलले, आणि तीही आणीबाणीच्या यादीत हरवून गेली.

दुसऱ्या दिवशी आईने घरच्या गोळ्या मोजल्या. ३०-३० च्या चार पाकिटांतून १२० गोळ्या आल्या होत्या, ८ उरायला हव्या होत्या. ४६ उरल्या होत्या. म्हणजे ११२ पैकी ७४ दिवस काहीतरी तोंडात गेलं होतं, त्यातल्या किती गोळ्या खरोखर जिभेखाली मिनिटभर राहिल्या हे कळायला मार्ग नव्हता.

दुसरा निर्णय: पुन्हा पहिल्यापासून

गोळी फसली असं म्हणता येत नव्हतं, कारण ती दिलीच गेली नव्हती. दोन पर्याय होते. मुलाच्या मनात एकदा भीती बसली आहे तर इंजेक्शनांकडे वळायचं, किंवा त्याची तयारी असेल तर पुन्हा सुरुवात करायची. या वेळी प्रश्न त्यालाच विचारला. त्याने विचार करायला दोन दिवस मागितले, आणि मला ते आवडलं. तिसऱ्या दिवशी फोनवर त्यानेच सांगितलं: गोळी, पण सकाळी नको आणि एकट्याने नको.

मध्ये सात दिवसांहून मोठे खंड पडलेले असल्याने गोळी पुन्हा सुरू करतानाही पहिल्यासारखं दवाखान्यात बोलावलं. या वेळी आई-वडील मागच्या खुर्चीत. मी एक रिकामी पट्टी त्याच्या हातात दिली, घडी-फाडणं-सोलणं त्याच्याकडून पाच वेळा करून घेतलं. हात धुवायचे आणि पुसायचे. गोळी ठेवल्यावर काय काय वाटतं ते त्याने कागदावर वेळेनिशी लिहिलं: तिसऱ्या मिनिटाला मुंग्या, आठव्याला कान, बाराव्याला कमी, विसाव्याला गेलं. हा कागद त्याने जपून ठेवला. खाज कधी येते यापेक्षा ती कधी जाते हे त्याला स्वतःच्या अक्षरांत दिसणं महत्त्वाचं होतं. पहिले तीन आठवडे गोळीच्या आधी अँटिहिस्टामिन दिलं, म्हणजे खाज सौम्य राहिली.

वेळ संध्याकाळी सातची ठरली, खेळून आल्यावर आणि जेवणाच्या बऱ्याच आधी, वडील घरी असताना. वडील समोर बसून मिनिट मोजायचे. मी तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी फोन केला आणि मुलाशीच बोलले.

मोठं मूल म्हणजे स्वतःचं औषध स्वतः सांभाळणारं मूल, ही समजूत फार घरांत दिसते. नेदरलँड्समध्ये ६,४८६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा जिभेखालचं औषध घेणाऱ्यांपैकी फक्त ७ टक्क्यांनी तीन वर्षं पूर्ण केली होती. इंजेक्शनवाल्यांपैकी २३ टक्क्यांनी. त्या नोंदी प्रौढांच्याही होत्या. जे मोठ्यांना जमत नाही ते आपण बारा वर्षांच्या मुलाच्या दप्तराच्या घाईत टाकून मोकळे होतो.

दोन छोट्या घटना

त्या ४६ उरलेल्या गोळ्यांबद्दल आईने विचारलं, ‘धाकटीला देऊ का? तिचंही नाक सारखं वाहतं.’ धाकटी सात वर्षांची. मी स्पष्ट नाही म्हटलं. तेव्हा ही गोळी तिच्या वयासाठी नव्हती. ५ ते ११ वयोगटातल्या १,४६० मुलांवरच्या चाचणीचे निकाल नंतर आले, त्यात त्रास आणि औषधांचा एकत्रित गुण सुमारे २२ टक्क्यांनी सुधारला होता, आणि एफडीएची मान्यता २०२५ मध्ये मिळाली. पण वय हा दुय्यम मुद्दा होता. तिची तपासणी केली तेव्हा माइटला काहीच प्रतिक्रिया आली नाही. तिचे ॲडेनॉइड्स (नाकामागच्या गाठी) वाढलेले होते. ती गोळी तिच्या काहीच उपयोगाची नव्हती.

दुसरी घटना पुन्हा सुरुवात केल्यानंतर पाचव्या महिन्यातली. दातांना तार लावण्यासाठी मुलाचे दोन दात काढले. दंतवैद्यांनी विचारलं, कुठलं औषध चालू आहे का? घरच्यांनी पंप आणि स्प्रे सांगितला, गोळी सांगितली नाही. ती त्यांच्या लेखी ‘ॲलर्जीची’ होती, ‘औषध’ नव्हती. संध्याकाळी सात वाजता वडील पट्टी घेऊन बसले आणि मुलानेच विचारलं, ‘आत्ता तर इथे जखम आहे ना?’ फोन आला, सात दिवस गोळी थांबवली, हिरडी भरल्याचं पाहून पुन्हा दवाखान्यात सुरू केली. उघड्या जखमेवर ती ठेवली असती तर प्रथिन सरळ रक्तात जाण्याचा धोका होता. तो टळला तो मुलामुळे.

परिणाम

पुन्हा सुरुवात केल्याला एक वर्ष झालं तेव्हाची स्थिती: ३६५ पैकी ३३८ गोळ्या घेतल्या गेल्या. न घेतलेल्या २७ पैकी ७ दाताच्या, ११ घरघरीसह आलेल्या दोन सर्दींच्या, उरलेल्या विसरलेल्या. सकाळच्या शिंका रोजच्याऐवजी आठवड्यातून एक-दोन दिवस. अँटिहिस्टामिन जवळपास रोज लागायचं, ते आठवड्याला दोनपर्यंत. नाकाचा स्प्रे आता फक्त दमट महिन्यांत. रोजच्या इनहेलरची मात्रा निम्मी केली आहे, बंद केलेली नाही. फुंकर ९६ टक्के. आईच्या मते सर्वांत मोठा फरक रात्रीचा: तो तोंड मिटून झोपतो.

जुनं कपाट आवरायला घेतलं की अजून शिंका येतात. मित्राच्या मांजराजवळ डोळे पहिल्यासारखेच खाजतात, आणि ते तसंच राहणार; गोळी माइटची आहे, मांजराची नाही. मुलाला हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे त्याची निराशा झाली नाही.

यातलं किती गोळीमुळे, हे एका मुलावरून सांगता येत नाही. गादीच्या खोळी त्याच वर्षी आल्या. पंप आणि स्प्रे त्याच वर्षी नीट घेतले जाऊ लागले. रोज संध्याकाळी वडील समोर बसत होते, त्यामुळे बाकीची औषधंही चुकत नव्हती. वय वाढलं. माझा अंदाज असा की दम्यातली सुधारणा मुख्यतः इनहेलरची, नाकातली मात्र मोठ्या प्रमाणात गोळीची; कारण स्प्रे कमी केल्यावरही ती टिकली.

काय वेगळं करता आलं असतं

उपचार सुरू करण्याआधी चार आठवड्यांची रोजची नोंदवही पूर्ण करून घ्यायला हवी होती. मी ती मागितली, त्यांनी पाच दिवस लिहिली, आणि मी ती चालवून घेतली. त्यामुळे ‘आधी किती होतं’ याला माझ्याकडे आईच्या आठवणीपलीकडे आधार नाही.

पहिल्या भेटीत आणीबाणीची माहिती आणि रोजच्या खाजेची माहिती वेगवेगळ्या वेळी द्यायला हवी होती, आणि दुसरी मुलाशी. आता मी ती मुलालाच आधी देते, आई-वडील ऐकत असताना, पेनबद्दल त्यानंतर. पहिल्या महिन्यातला फोन मी पहिल्या खेपेला केलाच नव्हता. चौथ्या दिवशी फोन गेला असता तर चूळ भरल्याचं चौथ्या दिवशी कळलं असतं, किंवा निदान आवाजातून शंका आली असती.

‘रोज घेतोस ना?’ हा प्रश्न मी सोडून दिला आहे. त्याऐवजी प्रत्येक भेटीला पट्ट्या आणायला सांगते आणि त्या दिवशीची गोळी समोर घ्यायला लावते. त्यात दोन मिनिटं जातात. दंतवैद्यांसाठी चार ओळींची चिठ्ठीही आता पहिल्या दिवशीच देते.

एका मुद्द्यावर माझं मन अजून ठरलेलं नाही. मुलाशी बोलताना मी आई-वडिलांना बाहेर बसवलं, आणि मग त्याने सांगितलेलं त्याच्याच परवानगीने त्यांना सांगितलं. आईला रडू आलं. ‘मला का नाही सांगितलंस’ असं ती त्याला विचारत राहिली. त्याला आधी स्वतःहून सांगायला वेळ द्यायला हवा होता का, की आणखी एक महिना जाऊ देणं चुकीचं ठरलं असतं, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

सध्या सव्विसावा महिना चालू आहे. मोजणी नव्या सुरुवातीपासूनची. मुलगा उंच झाला आहे, आवाज फुटला आहे, आणि वडिलांनी आता समोर बसू नये अशी त्याची मागणी आहे. ठरलं असं की वडील खोलीत येणार नाहीत, पण रविवारी पट्टीतले रिकामे चौकोन दोघं मिळून मोजतील. छत्तिसाव्या महिन्यात पुन्हा स्पायरोमेट्री आणि नोंदवही होईल. या वेळची वही चार आठवडे आधी सुरू करायची आहे, आणि ती त्याने लिहायची आहे.